चौकटीतली भावंडे

ग्राफिक कादंबरी रचणारा कलावंत कोऱ्या पानापुढे बसला की त्याला सर्वांत आधी जागेचा हिशेब मांडावा लागतो. पानावर चौकटी किती, त्यांतली मोठी कोणती आणि चिंचोळी कोणती, कोणाचा चेहरा समोर घ्यायचा आणि कोणाची नुसती पाठ दाखवायची, बोलण्याच्या फुग्यांना किती जागा सोडायची, हे ठरल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. भावंडांच्या नात्यातली पहिली भांडणेही जागेवरूनच होतात. खिडकीशेजारी कोण बसणार, पांघरूण कोणाकडे जास्त गेले, आईच्या कुशीत कोण झोपणार, कपाटातला वरचा कप्पा कोणाचा. गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या काही उत्तम ग्राफिक कादंबऱ्या भावंडांवर लिहिल्या गेल्या, त्यामागे हे साम्य आहे. जे नाते एकाच खोलीत, एकाच अंथरुणावर, एकाच गाडीच्या मागच्या सीटवर घडत जाते, ते सांगायला जागेचीच भाषा बोलणारे माध्यम फार उपयोगी पडते.

चित्रांतून गोष्ट वाचण्याची सवय मराठी वाचकाला जुनी आहे. १९६७ साली सुरू झालेल्या ‘अमर चित्रकथा’ अनेक घरांत आल्या आणि ‘चांदोबा’तली चित्रे तर कित्येकांना आजही डोळ्यांपुढे दिसतात. तरी ग्राफिक कादंबरी वाचताना ही सवय थोडी बदलावी लागते. पौराणिक चित्रकथेत बहुधा मजकूर जे सांगतो तेच चित्र दाखवते. राजा रथात बसला असे वर लिहिलेले असते आणि खाली राजा रथात बसलेला असतो. ग्राफिक कादंबरीत मजकूर आणि चित्र पुष्कळदा वेगळ्या वाटांनी चालतात. फुग्यात ‘काही नाही’ एवढेच शब्द असतात आणि चित्रातल्या मुलीच्या मुठी आवळलेल्या असतात. अमेरिकी चित्रकार विल आयस्नर यांचे ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ हे पुस्तक १९७८ साली आले, तेव्हापासून मोठ्यांच्या आयुष्यातले गंभीर विषय अशा चित्रमालिकेतून मांडणाऱ्या पुस्तकांना ग्राफिक कादंबरी म्हणण्याची पद्धत रूढ झाली. त्यांतली बरीच पुस्तके आत्मकथनपर आहेत आणि कल्पित कथेशी त्यांचा संबंध थोडा आहे, पण नाव मात्र तेच चिकटले.

वाचताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते, ती म्हणजे दोन चौकटींमधली कोरी पट्टी. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३ च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या पुस्तकात या पट्टीचे महत्त्व उलगडून दाखवले. एका चौकटीत हात उगारलेला दिसतो, पुढच्या चौकटीत धाकटा रडत असतो. फटका कुठेच काढलेला नसतो, तो वाचकाच्या मनात बसतो. भावंडांच्या गोष्टीत ही पट्टी फार कामाची ठरते. भांडणापासून पुन्हा बोलू लागण्यापर्यंतचा काळ घरात कोणी नीट पाहिलेला नसतो. सकाळी एकमेकांचे तोंड न पाहणारी दोघे संध्याकाळी एकाच ताटातून खात असतात आणि मधे नक्की काय झाले ते त्यांनाही सांगता येत नाही. गद्य लेखकाला तिथे काहीतरी कारण शोधून लिहावे लागते. चित्रकथेला ते मोकळे सोडता येते.

या दृष्टीने नवख्या वाचकाने सुरुवात करावी असे पुस्तक म्हणजे रेना टेलगेमायर यांचे ‘सिस्टर्स’. टेलगेमायर यांचा जन्म १९७७ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. शाळकरी वयात अपघाताने पुढचे दात गेले आणि त्यानंतर वर्षानुवर्षे दातांचे उपचार चालले, ती हकीकत त्यांनी ‘स्माइल’ या २०१० च्या पुस्तकात सांगितली. त्याच कुटुंबाची आणखी एक गोष्ट २०१४ साली ‘सिस्टर्स’मध्ये आली, आणि २०१५ मध्ये त्यांना उत्कृष्ट लेखक-चित्रकाराचा आयस्नर पुरस्कार मिळाला. दोन्ही पुस्तके आठ-दहा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहेत, भाषा सोपी आहे आणि चित्रे स्वच्छ, गोलसर रेषांची आहेत. या साधेपणामुळे पुस्तक हलके आहे असे वाटण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात त्याची बांधणी फार विचारपूर्वक केलेली आहे.

कथानक एका प्रवासाचे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई, किशोरवयीन रेना, धाकटी अमारा आणि सर्वांत लहान विल हे चौघे एका जुन्या व्हॅनमधून सॅन फ्रान्सिस्कोहून कोलोरॅडोला नातेवाइकांच्या मेळाव्यासाठी निघतात. वडील मागे राहतात आणि नंतर विमानाने येणार असतात. वाटेत वाळवंट, डोंगर, मुक्काम, कंटाळा आणि भांडणे. रेना कानाला वॉकमनचे हेडफोन लावून बसलेली असते आणि अमारा शेजारून काहीतरी बोलत किंवा खोडी काढत असते. बाहेरून पाहता एवढेच घडते.

खरी गोष्ट मधल्या आठवणींतून उलगडते. वर्तमानातला प्रवास पांढऱ्या पानांवर आहे, तर भूतकाळातल्या प्रसंगांची पाने पिवळसर आहेत, जुन्या अल्बमची आठवण करून देणारी. वाचकाला ‘काही वर्षांपूर्वी’ असे प्रत्येक वेळी सांगावे लागत नाही. पान उलटताच रंग बदलतो आणि काळ बदलतो. या पिवळ्या पानांवर छोटी रेना आईबाबांकडे बहीण मागते. तिला खेळायला सोबत हवी असते. मग अमारा येते, आणि ही मागितलेली सोबत रडकी, हट्टी आणि स्वतःच्याच तंद्रीत असणारी निघते. रेनाला चित्रे काढायला आवडतात, तर अमाराही चित्रे काढू लागते. थोरल्या भावंडाला याहून मोठे आक्रमण दुसरे वाटत नाही, कारण घरात ‘चित्रे काढणारी’ ही एकच जागा असते आणि ती तिने आधी धरलेली असते. पुढे विल जन्मतो. घर लहान आहे, त्यामुळे खोलीची वाटणी पुन्हा करावी लागते.

भूतकाळाचे हे तुकडे प्रवासात अधूनमधून कसे पेरले आहेत, ते मुद्दाम पाहावे. गाडीत अमाराने काही बोचरे म्हटले की पान पिवळे होते आणि त्या बोचण्याचे मूळ दिसते. पुन्हा पांढरे पान आले की तेच वाक्य वाचकाला वेगळे ऐकू येते. भावंडे खऱ्या आयुष्यातही अशीच भांडतात. आजच्या भांडणात आजचे थोडे आणि पाच वर्षांपूर्वीचे पुष्कळ असते. पाळलेल्या प्राण्यांचा धागाही असाच वापरला आहे. रेनाला सापांची भीती वाटते आणि अमाराला साप पाळायचा असतो. एकीचा लळा दुसरीच्या जिवावर येतो, आणि या सापावरून जे होते त्याचा परिणाम थेट प्रवासापर्यंत पोचतो.

तिसरा धागा मोठ्या माणसांचा आहे आणि तो सर्वांत कमी शब्दांत हाताळला आहे. वडिलांची नोकरी गेलेली असते. ते या प्रवासात का नाहीत, हा प्रश्न मुलांच्या मनात हळूहळू मोठा होतो. आईवडील एकमेकांशी कसे बोलतात, कोणत्या चौकटीत ते एकत्र आहेत आणि कोणत्या चौकटीत एकजण पाठमोरा आहे, हे जागरूक वाचकाला रेनाच्या आधी कळू लागते. रेनाला मात्र ते अमाराकडून समजते. जिला ती लहान आणि बिनकामाची समजत होती, तिने घरातला ताण अधिक नीट पाहिलेला असतो. पुस्तकाचे वळण इथे आहे. व्हॅन रस्त्यात बंद पडते, आई लहानग्याला घेऊन मदत आणायला जाते आणि दोघी बहिणी गाडीत एकट्या उरतात, तोवर त्यांच्यातले अंतर थोडे कमी झालेले असते. लेखिका त्यांच्या गळाभेटीचा प्रसंग रंगवत नाही. पुढेही त्या भांडणारच आहेत हे तिला ठाऊक आहे, आणि म्हणून या पुस्तकावर विश्वास बसतो.

मोठ्यांसाठीच्या पुस्तकांत क्रेग थॉम्प्सन यांचे ‘ब्लँकेट्स’ हे २००३ सालचे पुस्तक या विषयावर आवर्जून वाचावे असे आहे. सुमारे सहाशे पानांचे हे कृष्णधवल पुस्तक अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या ग्रामीण भागात, कडक धार्मिक घरात घडते. क्रेग आणि धाकटा फिल लहानपणी एकाच पलंगावर झोपतात. हिवाळ्यात खोली गारठलेली असते, पांघरुणाची ओढाताण चालते, लाथा बसतात, आणि आवाज वाढला की वडील शिक्षा करतात. एकाला अंधाऱ्या कोनाड्यासारख्या कोठडीत झोपायला पाठवले जाते. त्याच पलंगाचे खेळात जहाज होते आणि चहूबाजूंनी समुद्र पसरतो. थॉम्प्सन तो समुद्र खराच काढतात, ब्रशच्या फटकाऱ्यांतून उसळणारा, चौकटीबाहेर सांडणारा. मुलांच्या कल्पनेत जागा वाढते तशी पानावरची चौकटही विरघळते. पुढे भावांचे पलंग वेगळे होतात आणि पुस्तकात फिल बराच काळ दिसेनासा होतो. क्रेगच्या पहिल्या प्रेमाची गोष्ट मधली पाने व्यापते. वयात येताना थोरले भावंड धाकट्याला कसे नजरेआड करते, ते इथे पानांच्या वाटपातूनच कळते. धाकट्याचे रक्षण करायला हवे होते तेव्हा ते जमले नाही, ही क्रेगची खंत या पुस्तकाच्या तळाशी आहे आणि ती वाचताना जड जाते.

फ्रेंच चित्रकार डेव्हिड बी. यांचे ‘एपिलेप्टिक’ याहून कठोर आहे. १९९६ ते २००३ या काळात ते सहा भागांत प्रसिद्ध झाले. १९६४ साली लेखकाचा थोरला भाऊ झां-क्रिस्तोफ याला अपस्माराचे झटके येऊ लागले आणि तीन भावंडांच्या घराचा सगळा केंद्रबिंदू बदलला. आईवडील डॉक्टरांपासून पर्यायी आहारपद्धती पाळणाऱ्या वसाहतींपर्यंत, गूढविद्येपासून नाना प्रकारच्या उपचारकांपर्यंत सगळीकडे फिरतात, आणि बाकीची दोन मुले त्यांच्यामागून फरफटत जातात. आजारी भावंड असलेल्या घरात निरोगी मुलाला काय वाटते, हे इतक्या निर्भीडपणे फार थोड्या पुस्तकांनी सांगितले आहे. त्याला भावाची दया येते, त्याचा राग येतो, आपल्यालाही हे होईल अशी भीती वाटते, आणि या सगळ्याची लाजही वाटते. डेव्हिड बी. यांनी आजाराला एक रूप दिले आहे. लांबलचक, वेटोळे घालणारा, ड्रॅगनसारखा प्राणी घरभर पसरतो, भावाच्या अंगाला विळखा घालतो आणि पानाची जागा गिळत जातो. दाट काळ्या शाईने पाने इतकी भरलेली असतात की वाचकालाही श्वास घ्यायला जागा हवीशी वाटते. धाकटा मुलगा स्वतःला वाचवण्यासाठी लढायांची गर्दीने भरलेली चित्रे काढत सुटतो. चित्रकार कसा घडला, याचे उत्तरही त्याच घरात आहे.

कधीकधी भावंड हयात नसते, तरी घरातली जागा अडवून बसते. आर्ट स्पिगलमन यांचे ‘माउस’ हे दोन खंडांतले पुस्तक (१९८६ आणि १९९१) नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या आईवडिलांची कहाणी म्हणून प्रसिद्ध आहे आणि त्याला १९९२ साली पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. पण त्यात एक भाऊही आहे. रिशू हा आर्टचा थोरला भाऊ महायुद्धाच्या काळात, आर्टच्या जन्माआधीच मरण पावला. मुलांना आउशवित्झला धाडले जाईल हे दिसल्यावर त्याला सांभाळणाऱ्या मावशीने स्वतःसह मुलांना विष दिले. आईवडिलांच्या शयनगृहात त्याचा फोटो लावलेला असे. फोटोतला मुलगा कधी हट्ट करत नाही, कधी चुकत नाही, आणि म्हणून त्याच्याशी स्पर्धा करणे अशक्य असते, हे आर्ट मोठेपणी बोलून दाखवतो. या पुस्तकात सगळी ज्यू माणसे उंदरांच्या चेहऱ्यांनी काढली आहेत. दुसऱ्या खंडाच्या अर्पणपत्रिकेवर मात्र रिशूचा खरा फोटो छापला आहे. इतक्या उंदीरमुखांच्या शेजारी एका लहान मुलाचा माणसाचा चेहरा पाहिला की पुस्तकात काय हरवले आहे ते समजते. शेवटच्या पानावर थकलेले वडील आर्टशी बोलताना त्याला रिशू म्हणून हाक मारतात.

मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचताना पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचावे लागते. पहिल्या दहा पानांनंतर डोळा सरावतो. गेंगोरो तागामे यांची ‘माय ब्रदर्स हजबंड’ ही चार भागांची मालिका (२०१४ ते २०१७) जुळ्या भावांवर आहे. र्‍योजी कॅनडात वारला आहे, आणि त्याचा नवरा माइक जपानमध्ये यायचीच्या दारात उभा राहतो. यायची आणि र्‍योजी जुळे असल्याने माइकला गेलेल्या माणसाचाच चेहरा समोर दिसतो आणि तो कोसळतो. आपला भाऊ कोण होता हे यायचीला एका परक्याकडून आणि स्वतःच्या लहान मुलीच्या निरागस प्रश्नांतून शिकावे लागते. भावाने किशोरवयात मन उघडे केल्यानंतर यायचीनेच अंतर वाढू दिले होते. इथे रेषा स्वच्छ आणि चौकटी मोकळ्या आहेत. जेवण, आंघोळ, शाळेची तयारी अशा घरगुती कामांना भरपूर जागा दिली आहे.

भावंडांचे ओझे उचलणारे भावंड पाहायचे तर ‘वेन स्टार्स आर स्कॅटर्ड’ (२०२०) घ्यावे. व्हिक्टोरिया जेमीसन आणि ओमर मोहम्मद यांनी मिळून केलेले हे पुस्तक केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतल्या दोन सोमाली भावांचे आहे. ओमरने शाळेत जायचे की फारसे न बोलणाऱ्या हसनला सांभाळायचे, हा त्यातला पेच कोणत्याही कष्टकरी घरातल्या थोरल्या मुलाला ओळखीचा वाटेल.

पानाची वाटणी चौकोनांतच व्हावी असा नियम नाही, हे दाखवणारे पुस्तक महाराष्ट्राशी जोडलेले आहे. २०११ साली आलेल्या ‘भीमायन’मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातले प्रसंग गोंड चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या दांपत्याने रेखाटले आहेत. साताऱ्याहून वडिलांना भेटायला कोरेगावकडे निघालेली मुले, त्यात लहान भीम आणि त्याचा थोरला भाऊही, ही या पुस्तकातली एक मोठी कथा आहे. नवे कपडे घालून आनंदाने निघालेल्या या पोरांना जात कळल्यावर बैलगाडी नाकारली जाते आणि रात्रभर पाणी मिळत नाही. व्याम दांपत्याला माणसे चौकोनात कोंडणे मान्य नव्हते. त्यांनी गोंड घरांच्या भिंती-जमिनीवरच्या दिग्ना नक्षीने पान विभागले, त्यामुळे वाट नागमोडी वाहते आणि आगगाडीलाही सापाचे वळण येते. बोलण्याचे फुगेसुद्धा वेगळे आहेत. मायेच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार आणि विषारी बोलण्याला विंचवाची नांगी. मुलांवर कोण काय फेकते आहे हे अक्षर न वाचताही समजते.

अशी पुस्तके एका बैठकीत वाचून संपतात, आणि तिथेच ती निसटतात. पहिल्या वाचनात डोळा फुग्यांमागे धावतो. दुसऱ्या वाचनात मजकूर सोडून नुसती चित्रे पाहत जावे. कोण कोणाकडे बघत नाही, शब्द नसलेल्या चौकटी कुठे येतात, एखादे भावंड किती पाने गायब आहे, हे तेव्हा दिसते. दहा वर्षांच्या मुलाला ‘सिस्टर्स’ निःशंक द्यावे, आणि घरात दोन मुले असतील तर दोघांना मिळून वाचू द्यावे. ‘ब्लँकेट्स’, ‘एपिलेप्टिक’ आणि ‘माउस’ यांत हिंसा, लैंगिकता आणि मृत्यू उघडपणे येतात, त्यामुळे ती मोठ्या वयासाठी राखून ठेवावीत.

वाचताना एक प्रश्न मात्र जवळ बाळगावा. ही गोष्ट भावंडांपैकी एकाने काढलेली आहे. पेन्सिल रेनाच्या हातात होती, अमाराच्या नाही. झां-क्रिस्तोफने स्वतःच्या आजाराचे कोणते चित्र काढले असते, ते धाकट्याच्या पुस्तकातून कळू शकत नाही. ‘ब्लँकेट्स’मध्ये तर याहून मोठी वगळणूक आहे. थॉम्प्सन यांना एक बहीणही आहे, पण त्या सहाशे पानांच्या घरात दोन भाऊच राहतात आणि तिला कुठेही जागा नाही. दोन भावांच्या गोष्टीला घट्ट आकार यावा म्हणून लेखकाने हा निर्णय घेतला असेल आणि कलेच्या दृष्टीने तो चालूनही गेला, पण जिला वगळले ती त्याच घरात वाढत होती. २०१९ पासून क्रमशः आलेल्या ‘जिनसेंग रूट्स’ या पुस्तकात थॉम्प्सन पुन्हा आपल्या बालपणाकडे वळले. विस्कॉन्सिनमधल्या जिनसेंगच्या शेतात मजुरी करणारी मुले, तासाला एक डॉलर मिळकत, त्यातून विकत घेतलेली कॉमिक्स, असा तो विषय आहे. या वेळी पानांवर फिल आहे आणि बहीण सेराही आहे.